अलकाबाईंचं नाक आणि चार घरांचा गॅस

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या बाजारामागच्या गल्लीत कढीत मीठ बरोबर पडलं की नाही, हे जीभ ठरवत नाही. अलकाबाई काळबांड्यांचं नाक ठरवतं.

आता यात काही जादूटोणा नाही. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या की देवींना नैवेद्य दाखवल्याशिवाय पातेल्यातलं काही चाखायचं नसतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. जुन्या बाया तर म्हणतात, हुंगायचंही नाही. त्यावर अलकाबाईंचं म्हणणं असं, की हुंगणं वेगळं आणि वास येणं वेगळं. आपण पातेल्याशेजारी नुसतं उभं राहायचं. मान सरळ, तोंड मिटलेलं, जसं काही आपण भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून राहिलो. वाफ आपणहून नाकाशी आली, तर आलेल्या पाहुण्याला हाकलणारे आपण कोण? तर त्या अशा उभ्या राहत आणि मग एकच शब्द बोलत. "चिमूट." किंवा "पुरे." पंचवीस वर्षांत तो शब्द चुकला नव्हता. गल्लीतल्या बाया आपापली पातेली घेऊन त्यांच्याकडे यायच्या. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईपुढं ग्रॅज्युएट सुना रांगेत उभ्या राहायच्या, यात अलकाबाईंना काय वाटत असेल ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती. चालण्यात दिसायचं.

त्यांचे यजमान मोरेश्वर गुर्जी. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ते सांगत, "सोडियम क्लोराइडला वास नसतो."

"तुमच्या शाळेतल्या मिठाले नसन," अलकाबाई म्हणत, आणि गुर्जी वऱ्हांड्यात परत जात.

तर त्या साली राखीच्या सुमारास गल्लीत ताप आला. शेजारच्या घरून शेजारच्या घरी विरजण जावं तसा तो गेला; एक घर सुटलं नाही. डॉक्टर म्हणाला व्हायरल आहे, पाच दिवसांत जाईल. अलकाबाईंचा चौथ्याच दिवशी गेला. आंघोळ करून, केस बांधून त्या फोडणीला उभ्या राहिल्या. तेलात हिंग टाकला. काहीच नाही. आणखी टाकला. हिंग तेलात काळा झाला, पण त्याचा वास काही येईना.

अलकाबाईंनी डबी उचलली आणि थेट किराण्याच्या दुकानात. "काऊन रे, विटेची भुकटी विकून राहिला का?" दुकानदार बिचारा हिंग हातावर घेऊन हुंगू लागला आणि त्याला शिंका आल्या. दुपारी तूपवाल्याची पाळी झाली. मग अगरबत्तीवाला. संध्याकाळपर्यंत तीन माणसांशी भांडून झाल्यावर त्यांनी डोक्याला लावायचा बाम बोटावर घेतला आणि नाकाखाली फासला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक झोंबलं, पण वास म्हणून काही आला नाही. तीन माणसं एकाच दिवशी फसवतील, पण बामाची बाटली तर त्यांनी स्वतःच मागच्या महिन्यात उघडली होती. मग मात्र त्या पाटावर बसल्या.

जेवताना दुसरी गोष्ट कळली. वरण म्हणजे कोमट पाणी झालं होतं आणि पोळी म्हणजे धुतलेलं फडकं. मिरचीचा ठेचा जिभेला नुसता चटका देई. चव म्हणून काही नव्हती.

हे कोणाला सांगायचं? गुर्जींना सांगावं तर ते म्हणणार, मी म्हणतच होतो. मुलगा अमित वीज मंडळात. त्याला सांगितलं की सुनेला कळलंच. आणि सुनेला कळू द्यायचं नव्हतं, हीच सगळी गोष्ट होती.

सून वृषाली लोधीखेड्याची. खासगी शाळेत शिकवते, स्वयंपाकात मीठ चमच्यानं मोजते. वाईट नव्हती, हीच अडचण होती. वाईट सुनेशी भांडता येतं. चांगली सून "आई, तुम्ही बसा, मी करते" म्हणते, आणि एकदा बसलं की मग बसलंच. अलकाबाईंनी आपल्या सासूला असंच प्रेमानं बसवलं होतं. त्यामुळं त्यांना या प्रकाराची चांगली माहिती होती. आणि महालक्ष्म्यांना वीस दिवस राहिले होते. चाळीस पानं, चार घरांत चालणारा स्वयंपाक, आणि शेवटी सगळी पातेली यांच्या नाकासमोर. त्या दिवशी नाक नसलं तर पंचवीस वर्षांचा मान गेला. मग गल्लीत त्या कोण? गुर्जींची बायको. बस.

म्हणून त्यांनी ठरवलं, बोलायचंच नाही. पण न बोलण्यानं घोटाळा झाला. अलकाबाई दोन वेळा जेवणाला नाव न ठेवता उठल्या, तर घरात काळजी पसरली. अमितनं थर्मामीटर आणला. तेव्हा त्यांनी अंदाजानं नावं ठेवायला सुरुवात केली. सोमवारी "मीठ कमी", मंगळवारी "जास्त", बुधवारी "तेलाचा हात आवर, वृषाली". चाललं होतं ठीक. एका गुरुवारी त्यांनी वरणाचा घास घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"खारट करून ठेवलं सारं. समुद्र आणला का घरात?"

वृषाली क्षणभर त्यांच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "हव आई, हात जास्त पडला."

गुर्जींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं पटकन त्यांच्या ताटात लोणचं वाढलं. गुर्जींनी तोंड मिटलं.

इलाज तर करायलाच हवा होता. अलकाबाईंनी दारापुढच्या ओट्यावर बसून शांताबाईंपाशी विषय काढला. शांताबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. त्यांच्या घरात काय शिजलं हे अलकाबाईंना आजवर भिंतीतून कळायचं.

"माह्या माहेरची एक बाई हाय," अलकाबाई म्हणाल्या, "रामाकोन्याची. तिचा वास गेला बिचारीचा. तापानंतर."

"अवं माय!" शांताबाई एकदम पुढं सरकल्या. "कायचाच येत नाई?"

"कायचाच नाई."

"अन् चव?"

"चवही नाई."

"मंग ती काय करून राहिली?" शांताबाईंनी इतक्या कळकळीनं विचारलं की अलकाबाईंना त्यांच्याबद्दल जरा बरंच वाटलं. परक्या बाईसाठी एवढी माया आजकाल कोण दाखवतं?

मग दोघींनी मिळून त्या रामाकोन्याच्या बाईचे इलाज ठरवले. ओव्याची पुरचुंडी. संत्र्याच्या वाळल्या सालीची धुरी. आणि रोज सकाळी दोन्ही नाकपुड्यांत मोहरीचं तेल, दोन-दोन थेंब. दर दोन दिवसांनी शांताबाई भिंतीवरून विचारायच्या, "तिले फरक पडला का?" आणि अलकाबाई म्हणायच्या, "नाई अजून." त्यावर शांताबाईंचा चेहरा इतका पडायचा, की अलकाबाईच त्यांना धीर द्यायच्या, येईल म्हणे, घाबरू नका.

त्याच आठवड्यात गुर्जी फिरून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "आपल्या गल्लीत काय चाललं हाय? जिकडं जावं तिकडं बायांच्या अंगाला मोहरीच्या तेलाचा वास. शांताबाई, कोपऱ्यावरची उषा, घरात तू."

"बायांच्या वासाकडं ध्यान द्यायचं वय हाय का तुमचं?" अलकाबाई म्हणाल्या. गुर्जींनी विषय सोडला. विज्ञानाचं नुकसान असंच होत असतं.

तेवढ्यात कळलं की पांढुर्ण्याला एका मंगल कार्यालयात मोफत आरोग्य शिबिर आहे, नाक-कान-घशाचा मोठा डॉक्टर येणार आहे. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे, म्हणजे डॉक्टरही जिल्ह्याच्या मापाचा असणार. आणि मुख्य म्हणजे तिथं सौसरचं कोणी ओळखीचं भेटणार नाही. अलकाबाईंनी घरी सांगितलं, देवाला जाऊन येतो, आणि सकाळची बस धरली.

मंगल कार्यालयात टेबलावर एक पोरगी बसली होती. "अम्मा, समग्र आईडी?"

अलकाबाईंनी सरकारी कुटुंब-क्रमांकाचा तो कागद दिला. पोरीनं आकडे टाकले. "ओटीपी आएगा. मोबाइल पर."

मोबाइल कोणाचा लागला होता त्या आयडीला? वृषालीचा. अमितनंच लावून दिला होता, सोयीचा म्हणून. दोन मिनिटांत अलकाबाईंच्या पिशवीतला साधा फोन वाजला.

"आई, माझ्या फोनवर ओटीपी आला. शिबिराचा. पांढुर्ण्याचा. तुम्ही तं देवाला गेल्या होत्या नं?"

"देवाच्या बाजूलेच हाय ते," अलकाबाई म्हणाल्या. "आकडा सांग."

आकडा मिळाला. पोरगी म्हणाली, "तकलीफ क्या है, अम्मा?" अलकाबाई तिच्या कानाशी वाकून सांगणार, तोच वर लावलेला भोंगा बोलला. कारण तिथली पद्धत अशी होती की टोकन नंबर, नाव, गाव आणि आजार, सगळं माइकवरून पुकारायचं, म्हणजे माणूस चुकीच्या डॉक्टरकडं जाणार नाही.

"टोकन छब्बीस! लोधीखेडा वाले भैया, कान से मवाद! टोकन सत्ताईस! भैया, बवासीर, परदे के पीछे जाइए!"

सत्तावीस नंबरचा मूळव्याधवाला पिशवीनं तोंड झाकून पडद्यामागं गेला. आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीच्या पलीकडं, डोक्यावरून पदर घेऊन, बसल्या होत्या शांताबाई.

दोघींनी एकमेकींना पाहिलं. एकदम दोघींना फार आनंद झाला, म्हणजे तसं दाखवलं.

"तुमी कुकडं?"

"गुडघे," अलकाबाई म्हणाल्या. "तुमी?"

"गुडघेच," शांताबाई म्हणाल्या. "लय दुखून राहिले."

"अम्मा, तकलीफ?" पोरीनं पुन्हा विचारलं.

"घुटने," अलकाबाई ठणकावून म्हणाल्या, आणि भोंग्यानं सगळ्या जिल्ह्याला सांगितलं की सौसरच्या अलकाबाई काळबांड्यांचे गुडघे गेले.

हाडांच्या डॉक्टरनं बसवलं, उठवलं, पाय वाकवून पाहिले. म्हणाला, "अम्मा, आपके घुटने तो मुझसे अच्छे हैं." पण शिबिरात आलेल्या बाईला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून गोळ्या दिल्या आणि दोन लवचीक पट्टे दिले. शांताबाईंनाही तेच. परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या आणि सौसर येईपर्यंत गुडघ्यांबद्दल बोलल्या. न दुखणाऱ्या गुडघ्यांवर एवढा वेळ बोलणं सोपं नसतं.

घरी वृषाली दाराशीच उभी होती. "आई, गुडघे दुखतात तं सांगितलं काऊन नाई? आता तुम्ही बसा. स्वयंपाक मी करते."

म्हणजे ज्या वाक्याला भिऊन एवढं सगळं केलं, ते वाक्य नाकाऐवजी गुडघ्याच्या दारानं घरात आलं. चार दिवस अलकाबाई खुर्चीवर, पायांना पट्टे. पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत पाटावर मांडी घातली, उठल्या, पुन्हा मांडी घातली आणि जाहीर केलं, की डॉक्टर देवमाणूस होता. त्या शिबिराची सौसरात त्यानंतर फार कीर्ती झाली.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी जांब नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, झाली. अमित पाहून आला आणि डोक्याला काही न लागता आला, म्हणून नारळ फोडला. गणपती बसले. महालक्ष्म्या आल्या. नाक तसंच.

जेवणाच्या दिवशी पहाटेपासून चार घरांत गॅस पेटले. पुरण शांताबाईंकडं, वडे उषाकडं, भाज्या चौथ्या घरी, आणि कढी, आंबील, भात अलकाबाईंकडं. अलकाबाईंचा बेत ठरलेला होता. उभं राहायचं, "चिमूट" म्हणायचं. चिमटीनं चाळीस माणसांची कढी काय बिघडते? पण कढईशी उभ्या राहिल्या आणि मिठाच्या डब्यात घातलेला हात तसाच बाहेर काढला. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, की देवींच्या इतक्या जवळ एवढंसं खोटंही चिमटीत मावत नाही.

आणि तेव्हाच वास आला.

वीस दिवसांनी. खरा, नाकात शिरणारा वास. अलकाबाईंचे डोळे भरून आले. देवी पावली! त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की वास कढीचा नाही.

"गॅस!" त्या ओरडल्या. "वृषाली, बंद कर! गॅस लीक हाय!"

वृषालीनं बटण फिरवलं. नाक वर करून पाहिलं. "आई, मला नाई येत."

"तुले काय समजते? माह्या नाकाले आला म्हणजे हाय!"

आणि खरंच, त्या नाकाला आलं म्हणजे होतंच. शांताबाई धावत आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "हव माय! काय वास सुटला हाय!" मागून उषा आली. तिलाही आला. चौथ्या घरच्या करुणानं तर पदर नाकाला लावला. पाच मिनिटांत चार घरचे गॅस बंद झाले. पुरण अर्ध्यावर, वडे पिठात, कढी कोमट. ज्यांच्यासाठी पाट मांडले होते ती चाळीस माणसं रस्त्यावर उभी राहिली. कोणी म्हणे नळी बदला, कोणी म्हणे सिलिंडर ओल्या पोत्यात गुंडाळा. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, की सिलिंडर उलटं करून हलवावं लागते. त्याला लोकांनी आधी दूर नेऊन बसवलं.

अमित एजन्सीला फोन लावत होता. फोनमधली बाई म्हणत होती, हिंदी के लिए एक दबाएँ. एक दाबलं. रजिस्टर्ड नंबर से कॉल करें. तो नंबर गुर्जींचा, आणि गुर्जींचा फोन घरात चार्जिंगला, आणि घरात जायला अलकाबाईंनी सगळ्यांना बंदी केलेली. शेवटी गुर्जी म्हणाले, "मला वास येत नाही, मी जातो," आणि विज्ञानावर विश्वास ठेवून आत गेले.

अंकुश नावाचा मेकॅनिक मोटारसायकलवर आला. साबणाचा फेस करून त्यानं चारही घरचे सिलिंडर, नळ्या, शेगड्या तपासल्या. कुठंच बुडबुडा नाही.

"काकू, लीकेज नाई हाय."

"तुह्या साबणाले काय समजते?" अलकाबाई म्हणाल्या. "इथं उभा राय. येऊन राहिला का नाई?"

अंकुश उभा राहिला. अलकाबाईंचं नाक त्यालाही ठाऊक होतं. "थोडासा..." तो म्हणाला आणि डोकं खाजवू लागला.

अलकाबाई चिडून अंगणात आल्या. वास तिथंही होता. तुळशीपाशी गेल्या, तिथं होता. देवींना वाहायचा झेंडूचा हार परडीत होता; त्यांनी तो उचलला, आणि झेंडूतून गॅस आला. पदर नाकाशी नेला. पदरातून गॅस. आपल्याच तळहाताचा वास घेतला.

त्या हार हातात घेऊन उभ्या राहिल्या. दुसरी शिकलेल्या असल्या तरी एवढं गणित त्यांना येत होतं. चार घरांत गॅस कुठंच नव्हता. होता तो त्यांच्या नाकात.

आत दोन्ही महालक्ष्म्या नव्या लुगड्यांत उपाशी बसल्या होत्या. ऊन वर चढलं होतं. नैवेद्याची वेळ निघून चालली होती. देवी वर्षातून एकदा जेवायला येतात. त्यांना ताटकळत ठेवायचं पाप लहान नव्हतं. पण सुटायची एक सोपी वाट होती. अलकाबाईंनी मान वर केली आणि मोठ्यानं म्हटलं, "गेला बाप्पा वास. आता नाई येत. पेटवा."

लोक हलले. आणि शांताबाई पुढं आल्या.

"नाई नाई! असं कसं? मले तं येऊनच राहिला!"

"गेला म्हणतो ना मी, शांताबाई."

"थोडा गेला असन. पण हाय. उषा, हाय का नाई?"

"हाय," उषा म्हणाली.

अंकुश मेकॅनिक तर म्हणाला, की वरच्या ऑफिसला कळवल्याशिवाय आता पेटवू नका, जबाबदारी माझ्यावर येईल. अलकाबाईंनी उठवलेला वास आता त्यांचंच ऐकेना.

त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं. चाळीस माणसं. त्यांत त्या रांगेतल्या सुना, हिंगवाला, तूपवाला. वृषाली दारात उभी होती, हातात रिकामं ताट.

"आइका," अलकाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला तेवढा मोठा निघाला नाही. "गॅस नाई हाय. कुठंच नाई हाय. माहं नाक बिघडलं. वीस दिवसांपासून मले कायचाच वास येत नाई, अन् आज आला तं झेंडूलेई गॅसचाच येऊन राहिला. चवही गेली. रामाकोन्याची बाई मीच हाय."

हिंगवाल्यानं तूपवाल्याकडं पाहिलं.

मग शांताबाई मटकन ओट्यावर बसल्या. "माय माय... तुमालेई येत नाई? मले एकवीस दिवस झाले!"

"मंग आत्ता काय आलं तुमाले?" अलकाबाईंनी विचारलं.

"तुमाले आला म्हणून आला! तुमाले आला, अन् मले नाई म्हटलं असतं तं सगळ्यांले समजलं नसतं का?"

"मलेई नाई येत, काकू," उषा हळूच म्हणाली. "तेल टाकून टाकून नाक जळलं."

करुणानं पदर नाकावरून खाली घेतला आणि दुसरीकडं पाहू लागली. अंकुश म्हणाला, "मले तर पहिल्यापासूनच आला नव्हता," आणि मोटारसायकलला किक मारली.

चार घरचे गॅस पेटले. पण आता प्रश्न होता मिठाचा. चार घरांत चार बाया आणि एकीलाही वास नाही. अलकाबाई कढईपासून दोन हात लांब उभ्या होत्या. त्या जागेवर त्या पंचवीस वर्षांत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"वृषाली," त्या म्हणाल्या, "तुले येते वास?"

"येते, आई. माझा ताप दोनच दिवस होता."

"मंग तुले ठाऊक होतं."

वृषालीनं कढीत पळी फिरवली. "गुरुवारी वरणात मीठ टाकायचं राहिलं होतं, आई. एक कणही नव्हता. तुम्ही खारट म्हणाल्या."

अलकाबाईंना त्या समुद्राची आठवण झाली आणि कानशिलं गरम झाली. "अन् बोलली नाई?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

अलकाबाईंनी पदर खोचला. "वाकू नको. हुंगायचं नाई. मान सरळ ठेव. तोंड मीट. तिकडं कॅलेंडरकडं पाय. आता वाफ येऊ दे."

वृषाली उभी राहिली.

"बिनमिठाच्या कढीची वाफ भोळी असते. दुधासारखी. नाकाशी येते अन् तशीच जाते. मीठ पडलं का ती थांबते जराशी. थांबली का?"

दारातून गुर्जी म्हणाले, "सोडियम क्लो..."

"बाबा," वृषाली कॅलेंडरकडं पाहतच म्हणाली, "थोडं थांबा नं." आणि मग, बऱ्याच वेळानं, "आई, नाई थांबून राहिली. कमी आहे."

"किती?"

"चिमूट नाई. मूठ."

अलकाबाईंनी डब्यात हात घातला. मूठभर मीठ कढईभर फिरवून टाकलं.

नैवेद्य झाला. आरती झाली. पंगती उठल्या, लोकांनी कढी मागून मागून खाल्ली. कोणी अलकाबाईंकडं पाहून "मीठ बरोबर आहे" म्हटलं नाही. त्यांना ते बरं वाटलं की वाईट, हे त्यांनी ठरवलं नाही. सगळ्यांत शेवटी घरच्या बाया बसल्या. वृषालीनं वाढलं. पुरणपोळी म्हणजे गोड नसलेलं मऊ काहीतरी. वडा म्हणजे कुरकूर, बाकी गॅस. अलकाबाई मुकाट जेवत होत्या. मग त्यांनी आंबिलीची वाटी तोंडाला लावली.

थांबल्या. पुन्हा एक घोट घेतला. जिभेच्या कडेला, अगदी कडेला, काहीतरी होतं. बारीक. असायला हवं होतं त्याच्या पावपट.

"वृषाली," त्या म्हणाल्या, "ताक कमी पडलं का? आंबिलीले आंबटच नाई हाय."

वृषाली पळी हातात घेऊन उभीच राहिली. तिनं वाटीभर आंबील घेतली, चाखली. "हव आई. अर्धंच ताक होतं. खरंच कमी आंबट आहे." आणि मग ती ओट्यावर धावली आणि गल्लीभर ओरडून सांगितलं, "आईंनी नाव ठेवलं! खरं नाव ठेवलं!"

शेवटचं "नाव" हवेत असतानाच शांताबाई आपली वाटी घेऊन आत आल्या. "मलेई द्या! मलेई द्या!" त्या पाटावर बसल्या, डोळे मिटून आंबिलीचा मोठा घोट घेतला. "हव! हव माय! मलेई समजून राहिलं!"

अलकाबाई त्यांच्याकडं पाहत राहिल्या.

"शांताबाई. खरं?"

शांताबाईंनी डोळे उघडले. वाटी खाली ठेवली. "नाई," त्या म्हणाल्या.

अलकाबाईंनी आंबिलीचं पातेलं दोघींच्या मधोमध ओढलं. "बसा मंग," त्या म्हणाल्या. "घेत राहा. मी हाय इथंच."